मायाळू सिस्टर पुरेशी नाही

बहुतेक सरकारी आणि बऱ्याच धर्मादाय रुग्णालयांत पुरुष वॉर्डाचा एक नियम असतो. रात्री पेशंटजवळ बाई माणूस थांबणार नाही. नियम चुकीचा नाही. तीस-चाळीस पुरुष, कुणी उघडेवाघडे, कुणाला लघवीची नळी लावलेली. तिथं त्यांचीही लाज राखायची असते आणि थांबणाऱ्या बाईची सुरक्षितताही पाहायची असते. आता याच वॉर्डात २४ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा डेंग्यूने दाखल झालाय असं समजा. तो मोजके चार-पाच शब्द बोलतो. त्याला भूक लागलीय की भीती वाटतेय, पोट दुखतंय की डोकं, हे फक्त त्याच्या आईला कळतं. आठ वाजले की वॉर्डातले मामा येतात. "ताई, चला आता खाली. घरातला कोणी पुरुष माणूस असेल तर पाठवा." नवरा दुसऱ्या गावी नोकरीला असतो, किंवा नसतोच. आई जिन्याखाली चटई टाकते. वर रात्री दोन वाजता मुलगा सलाईन उपसतो, ओरडतो, अख्खा वॉर्ड उठून बसतो. चार माणसं त्याला धरतात आणि गॉजच्या पट्टीने त्याचे हात खाटेच्या दांडीला बांधतात. सकाळी केस पेपरवर नोंद होते: 'पेशंट व्हायोलंट, नॉट कोऑपरेटिव्ह.'

या सगळ्यात दुष्ट कुणीच नाही. मामांनी नियम पाळला. रात्रपाळीच्या सिस्टरकडे चाळीस खाटा होत्या, त्यात दोन सिरिअस आणि एक नवीन ॲडमिशन. अनोळखी माणसाने मागून खांद्याला हात लावला की हा मुलगा बिथरतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने त्याला धीर द्यायला म्हणूनच मागून खांद्याला हात लावला.

ऑटिझम असलेल्या पेशंटच्या शुश्रूषेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच माया, संयम, सेवाभाव या वळणावर जातं. १२ मेला परिचारिका दिनाच्या भाषणांत हे शब्द हमखास असतात. २ एप्रिलला ऑटिझम दिनी इमारतींवर निळे दिवे लागतात, तेव्हाही असतात. या शब्दांशी माझं भांडण नाही. पण सिस्टरच्या स्वभावावर सोडलेली माया पाळीगणिक बदलते. सकाळच्या सिस्टरचा भाचा ऑटिस्टिक आहे, म्हणून ती सगळं जाणून असते. दुपारची नवीन आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. रात्री कंत्राटावरची कुणीतरी येते, उद्या ती दुसऱ्या वॉर्डात असेल. माझं म्हणणं एवढंच आहे की ही माया वॉर्डाच्या कामाच्या पद्धतीत लिहून ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी लहानसहान नियम वाकवण्याचा अधिकार सिस्टरला दिला पाहिजे. वरच्या प्रसंगात सिस्टरला तो असता तर खाट दाराजवळच्या कोपऱ्यात सरकवून, मध्ये पडदा लावून आईला रात्रभर थांबवता आलं असतं. त्याला ना निधी लागतो ना नवं यंत्र. लागते फक्त एक सही, आणि ती करायला आज कुणी धजावत नाही.

ऑटिझम म्हणजे काय हे आता बऱ्याच जणांना ढोबळमानाने ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत रोज जी झुंबड असते तिच्यात असे पेशंट असतातच, निदान झालेलं असो वा नसो. यांना आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली निदानाच्या निकषांत ही गोष्ट अधिकृतपणे घातली. पालकांना ती आधीपासूनच ठाऊक होती. अशा माणसासाठी रुग्णालयाइतकी अवघड जागा दुसरी शोधून सापडणार नाही. फडफडणारी ट्यूबलाइट, मॉनिटरचा अखंड टीं-टीं, फिनेलचा भपकारा, स्ट्रेचरच्या चाकांची करकर, अंगावर टोचणारा सरकारी गाऊन, हाताला चिकटपट्टी, आणि दर तासाला नवीन चेहरा. त्यात घरचा वरणभात नाही, रोजची चादर नाही, संध्याकाळी सातची मालिका नाही. आपण म्हणतो, पेशंट बिथरला. बिथरण्यासारखं सगळं आपणच त्याच्याभोवती मांडून ठेवलेलं असतं.

गंमत म्हणजे यातलं काहीही परिचर्येला नवीन नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे, उजेडावर आहे आणि आजाऱ्याचं निरीक्षण कसं करावं यावरही आहे. पुढे वॉर्डातला गजबजाट वाढत गेला आणि हे धडे पाठांतरापुरते उरले.

बोलण्याचंही तसंच. इंजेक्शन देताना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य म्हणतात: "काही नाही रे बाळा, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त." शब्दशः अर्थ घेणारं ऑटिस्टिक मूल हे ऐकून खाटेवर मुंगी शोधायला लागतं. मुंगीची भीती वाटत असेल तर किंचाळायला लागतं. "आत्ता आले हं, दोन मिनिटांत," असं म्हणून सिस्टर अर्ध्या तासाने येते. इतर पेशंट ते मनावर घेत नाहीत, पण हा मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा त्या सिस्टरवरचा विश्वास उडतो. काही मुलं ऐकलेलंच परत बोलतात. "दुखतंय का?" विचारलं तर उत्तर येतं, "दुखतंय का." सिस्टर समजते की दुखत नाहीये. कुणी "तुला पाणी हवंय" असं म्हणतो, तेव्हा त्याला स्वतःला पाणी हवं असतं. हे एकदा समजावून सांगितलं तर विशीतल्या विद्यार्थिनीलाही पाच मिनिटांत कळतं. सांगतच कुणी नाही, आणि वर आपण घरोघरी मुलांना "गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल" अशी भीती घालून मोकळे होतो.

सुईचंच उदाहरण जरा जवळून पाहू, कारण वॉर्डातली बहुतेक ओढाताण सुईपाशीच होते. सलाईन लावायची आहे. आधी आईला विचारायचं, हा कुठला हात वापरतो? चित्रांवर बोट ठेवून किंवा मोबाइलवरच्या ॲपने बोलणाऱ्या मुलाच्या नेमक्या त्याच हातात सुई गेली आणि हात फळीला बांधला, तर त्याचं तोंडच बंद केल्यासारखं होतं. हात ठरला की तिथं सुन्न करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. त्याला गुण यायला तासभर लागतो, पण त्या तासात कुणाला तिथं उभं राहावं लागत नाही. तोवर शिरेवर आवळायचा रबरी पट्टा मुलाच्या हातात द्यायचा, ओढून बघू द्यायचा, हवा तर आईच्या दंडाला बांधू द्यायचा. वेळ आली की बोलायचं एकाच माणसाने, बाकीच्यांनी गप्प. "दहा आकडे मोजते, मग संपलं," असं म्हणायचं आणि दहाला खरोखर थांबायचं, काम झालेलं नसलं तरी. जमलं नाही तर परत सांगून परत दहा. सुई बसली की मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज गुंडाळायचं, म्हणजे नजरेलाच पडणार नाही, मग उपसायचा प्रश्न बराच कमी होतो. चिकटपट्टी काढताना ओली करून काढायची. अंगाला हळुवार कुरवाळल्यासारखा स्पर्श यांतल्या अनेकांना सहन होत नाही, तळव्याचा घट्ट दाब मात्र चालतो. तोही आधी सांगून, समोरून.

मलमाचा तास सोडला तर या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. धरून-बांधून करायला किती लागतात, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. चार माणसं, दोन-तीनदा निघालेली सुई, फाटलेली शीर, सिस्टरच्या मनगटावर चाव्याची खूण, आणि पुढच्या वेळी तोच मुलगा रुग्णालयाच्या फाटकातूनच मागे फिरणार. 'वेळ नाही' ही तक्रार मला मान्य आहे. पण वेळेचा हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा.

दुखण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ऑटिस्टिक मुलांना दुखत नाही, असा एक समज डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत पसरलेला आहे. दुखतं; दाखवायची तऱ्हा वेगळी असते. दात किडला म्हणून एखादा मुलगा गालावर बुक्के मारून घेतो. कानात पू झाला की कुणी भिंतीवर डोकं आपटतं. आठवडाभर शौचाला झालेलं नसतं म्हणून कुणी जेवणाचं ताट भिरकावतं. नोंद होते 'बिहेविअर इश्यू', कारण केस पेपरवर ऑटिझम हा शब्द आधीच लिहिलेला असतो आणि पुढचं सगळं त्याच्याच खात्यावर जमा होतं. मग झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. पोरगं शांत होतं आणि फुटायला आलेलं अपेंडिक्सही शांतपणे फुटतं. फिट येण्याचं प्रमाणही ऑटिझममध्ये सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळ जास्त असतं; एका जागी थिजून नजर हरवणं ही फिट असू शकते, 'तो तसाच आहे' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. एक ते दहामध्ये किती दुखतंय, हा प्रश्न इथं निरुपयोगी. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टी बघून वेदना मोजायची 'फ्लॅक' नावाची पद्धत आहे. तिच्या सुधारित रूपात आईवडिलांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणाही धरता येतात. कागदाचा एक तक्ता आहे तो. बालरोग वॉर्डाच्या भिंतीवर लावायला कुणाची परवानगी लागू नये. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्या काळात दगावलेल्या ऑटिस्टिक माणसांचं सरासरी वय ५४ च्या आसपास भरलं आणि इतरांचं ७० च्या. त्याची कारणं अनेक आहेत. पण वेळेवर न ओळखलेलं दुखणं त्यांत नाही असं कोण म्हणेल?

न बोलणाऱ्या माणसाला आपल्या सिस्टर्स ओळखू शकत नाहीत, असं मात्र म्हणायची सोय नाही. मुंबईत केईएमच्या वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत परिचारिका अरुणा शानबाग ४२ वर्षं होत्या. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा झाली तेव्हापासून १८ मे २०१५ पर्यंत, मृत्यू येईतो. त्या ऑटिस्टिक नव्हत्या, त्यांची अवस्था अगदी निराळी होती. पण त्या बोलू शकत नव्हत्या, आणि त्यांना काय आवडतं, काय नाही, हे एका वॉर्डाने पिढ्या बदलत गेल्या तरी लक्षात ठेवलं. आवडीचं खाणं आलं की चेहरा कसा बदलतो, खोलीत माणसांची गर्दी झाली की त्या कशा अस्वस्थ होतात, हे सिस्टर्सना ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात आवर्जून नोंदवलं की इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही. ही कामगिरी जगातल्या कुठल्याही रुग्णालयापुढे ठेवावी अशी आहे.

पण त्या केईएमच्याच होत्या. आपल्यातलीच एक, आपलाच गणवेश घातलेली, म्हणून वॉर्डाने तिला स्वतःची मानलं, आणि एका पाळीने दुसरीला सांगितलं. परक्या घरातला मुलगा तीन दिवसांसाठी येतो तेव्हा ती आपुलकी आपसूक येत नाही, येईल अशी अपेक्षाही धरू नये. तिथं एका पाळीने दुसरीला सांगण्याचं काम कागदाला करावं लागतं.

त्या कागदाबद्दल बोलतो. ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांत याला 'हॉस्पिटल पासपोर्ट' म्हणतात. आपल्याकडे एक साधं पान पुरे: मराठीत, मोठ्या अक्षरात, घरच्यांनी भरलेलं किंवा भरून घेतलेलं. हा कसा बोलतो. दुखलं की काय करतो. कशाने बिथरतो, कशाने शांत होतो. काय खातो आणि काय मेलं तरी खात नाही. कुठली गोळी पूर्वी सोसली नाही. रक्त काढताना काय जमलं होतं. काही पालक असं पान स्वतःच करून आणतात. ते फाइलच्या शेवटच्या कप्प्यात जातं आणि डिस्चार्जच्या दिवशी घडी न मोडता परत मिळतं.

पान आहे पण वाचायची सक्ती नाही, याची किंमत काय होते ते ब्रिटनमध्येच दिसलं. ब्रिस्टलचा ऑलिव्हर मॅकगोवन १८ वर्षांचा होता. ऑटिझम, सौम्य बौद्धिक अक्षमता आणि फिटचा त्रास. २०१६ साली त्याला फिट आल्या म्हणून दाखल केलं. मनोविकारांवरच्या विशिष्ट गटातली औषधं आपल्याला सोसत नाहीत, ती देऊ नका, असं त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी निक्षून सांगितलं होतं. तरीही तो बिथरलेला दिसला म्हणून त्या गटातलं औषध दिलं गेलं. त्याची घातक प्रतिक्रिया आली, मेंदूला सूज आली, आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. पुढे स्वतंत्र चौकशीने हा मृत्यू टाळता येण्याची शक्यता होती असं म्हटलं. त्याच्या आईने वर्षानुवर्षं झुंज दिली आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या नोंदणीकृत आरोग्यसंस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचंच नाव आहे.

म्हणून हे पान विनंती म्हणून फाइलला लावण्यात अर्थ नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असली की आपल्याकडे केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहितात, आणि ती ओळ ओलांडून औषध देणाऱ्याला जाब विचारला जातो. या पानाला तोच दर्जा हवा. पाळी बदलताना सिस्टर जो तोंडी अहवाल देते, त्यात खाट क्रमांकापाठोपाठ या पानातल्या दोन ओळी आल्याच पाहिजेत.

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीचं नाही, हेही सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलम २५ म्हणतं की सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांचा प्रत्येक भाग दिव्यांगांसाठी अडथळामुक्त हवा आणि तपासणी-उपचारांत त्यांना प्राधान्य हवं. अडथळा म्हणजे फक्त पायऱ्या नव्हेत. कायद्याच्या व्याख्येत संवादाचा, संस्थेच्या रीतीभातीचा आणि दृष्टिकोनाचाही अडथळा येतो. आपल्या रुग्णालयांनी काय केलं? रॅम्प बांधला, कठड्याला पिवळा रंग दिला, फोटो काढला. कायदा पाळला गेला. ऑटिस्टिक मुलाला रॅम्पचा उपयोग नाही. त्याला ओपीडीच्या रांगेतून सूट हवी आहे, नाहीतर निदान बाहेर रिक्षात बसून राहायची आणि नंबर आला की मोबाइलवर बोलावून घ्यायची सोय. ऑपरेशन असेल तर त्या दिवशीच्या यादीत पहिला नंबर हवा, कारण उपाशी का ठेवलंय हे त्याला पटवता येत नाही. भूल उतरताना समोर ओळखीचा चेहरा हवा. कलम ४७ तर आणखी स्पष्ट आहे: डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक घालायचा आहे.

रांगेत प्राधान्य दिलं तर बाकीचे पेशंट भांडतात, असं सिस्टर्स सांगतात, आणि ते खरं आहे. "आम्ही काय सकाळपासून झक मारतोय का?" हे वाक्य कुठल्याही ओपीडीत ऐकू येतं. पण तिथं सिस्टरला एकटीला भांडायला उभं करायचं नसतं. कलमाचा क्रमांक घालून फलक लावायचा आणि खाली अधीक्षकांची सही ठेवायची.

याहून वजनदार आक्षेप संख्येचा आहे. जिथं एका सिस्टरकडे चाळीस खाटा, तिथं सहृदयतेची व्याख्यानं देणं हा उद्धटपणा आहे, असं एखादी वॉर्ड इनचार्ज म्हणाली तर मी वाद घालणार नाही. रिक्त पदं भरा ही मागणी पहिली, आणि पालक संघटनांनीही ती परिचारिका संघटनांच्या खांद्याला खांदा लावून केली पाहिजे. आज दोघी एकमेकींकडे संशयाने बघतात. पण पदं भरेपर्यंत हात बांधायचे, हे मला मान्य नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मानसोपचार संस्थांना बजावतो की कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून पेशंटला जखडता येणार नाही, शिक्षा म्हणून तर मुळीच नाही, आणि जखडलंच तर का, कसं, किती वेळ हे लगेच नोंदवावं लागेल. मनोरुग्णालयात जे चालत नाही ते मेडिसिन वॉर्डात, कुणाच्याही लेखी हुकमाशिवाय, गॉजच्या पट्टीने चालतं. निदान नोंदीचा नियम तरी सगळ्या वॉर्डांना लावा. हात बांधल्याची वेळ लिहावी लागली की सोडायची वेळही लिहावी लागेल.

आणि मावशी-मामांना विसरून चालणार नाही. पेशंटच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळा हात लावतात ते तेच. डायपर बदलणं, एक्स-रेला नेणं, भांडं देणं. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसतं.

आपल्याकडे नातेवाईक हीच अर्धी परिचर्या असते. ऑटिस्टिक पेशंटच्या बाबतीत ती पूर्ण होऊन बसते: "आई आहे ना, त्या करतील." आई करतेच. तीन-तीन दिवस करते. तिला आंघोळ नाही, पाठ टेकायला जागा नाही, आणि सकाळी बाथरूमला जायला पाच मिनिटं हवी असतात तर मुलाला कुणाच्या हवाली करायचं? वॉर्डात अशा आईजवळ जाऊन "जा, मी बसते इथं दहा मिनिटं," असं म्हणणारी सिस्टर मी पाहिली आहे. तिने त्या दहा मिनिटांत स्टुलावर बसून इंजेक्शनच्या नोंदी पूर्ण केल्या, मुलाकडे बघितलंही नाही, आणि तो शांत राहिला. तेवढंच पुरलं. हेच काम दर पाळीला एकीच्या नावावर लिहिलेलं असेल तर त्या सिस्टरची बदली झाल्यावरही चालू राहील.

मुलं म्हणता म्हणता एक गोष्ट राहून जाते: ती मोठी होतात. अठरा पूर्ण झाले की बालरोग वॉर्ड संपला. मग ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची? नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. पण सगळ्यांना ते लागत नाही, आणि सगळ्यांनी घ्यावंही असं नाही. छान नोकरी करणारे, गाडी चालवणारे, स्वतःच्या आजाराबद्दल डॉक्टरपेक्षा जास्त वाचलेले ऑटिस्टिक लोक आहेत. कॅज्युअल्टीच्या गोंधळात त्यांची वाचा जाते, आणि डॉक्टर त्यांना वगळून सोबत आलेल्या मित्राला विचारायला लागतात, "याला समजतं का?" समजतं. वही-पेन द्या, किंवा फोनवर टाइप करू द्या. न बोलणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांचं ॲप आहे, मोफत आहे. वॉर्डातल्या एखाद्या जुन्या टॅबवर ते टाकून ठेवायला काय हरकत आहे?

आता शिकवण्याकडे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ऑटिझम नाही असं नाही. बालरोगात आणि मानसोपचारात तो आहे. व्याख्या, कारणं, लक्षणं, उपचार, परिचर्येची भूमिका. विद्यार्थिनी पाठ करतात, पाच गुणांची टीप लिहितात आणि पास होतात. यातल्या बहुतेकींनी पदवी हातात पडेपर्यंत एकाही ऑटिस्टिक माणसाबरोबर अर्धा तास घालवलेला नसतो. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या लवकर निदानाची आणि उपचारांची जी केंद्रं आहेत, ती बऱ्याचदा नर्सिंग शाळेच्याच आवारात असतात. आठवडाभराची पोस्टिंग तिथं लावणं अवघड नाही. पण विद्यार्थी काय शिकतात हे शेवटी परीक्षेत काय विचारलं जातं यावर ठरतं, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाने प्रात्यक्षिकाला एक प्रसंग ठेवावा. पेशंट २४ वर्षांचा, ऑटिस्टिक, बोलत नाही, ताप १०३, हाताला चावून घेतोय. आई खाली केस पेपर काढायला गेली आहे. फाइलला एक पान लावलेलं आहे. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल, ते करून दाखवा. विद्यार्थिनीने ते पान आधी वाचलं की नाही, यालाच निम्मे गुण असावेत. आणि गुण द्यायला बाहेरच्या परीक्षकाशेजारी एखाद्या पालकाला किंवा स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्रौढ माणसाला बसवावं, परीक्षकाला मिळतं तेवढंच मानधन देऊन.